धक्क्याचं गाऱ्हाणं

समस्त भाविकांस, वाहनचालकांस, आणि घोडबंदर रस्त्यावर आयुष्यात एकदा तरी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलेल्या तमाम सज्जनांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, देवापुढे तोंड उघडण्याआधी व्याकरण तपासून घ्यावे. लिंग, वचन आणि विभक्ती. त्यातही विशेषकरून विभक्ती. ही सूचना हसण्यावारी नेऊ नये. मी नेली होती. मी पडले भूगोलाची बाई, व्याकरण हा आमच्या शेजारच्या वर्गातला विषय. तिथेच घात झाला. की कृपा झाली? ते शेवटपर्यंत वाचून तुम्हीच ठरवा, कारण मला ती गोष्ट सांगताना अजूनही इतका आनंद होतो की माझ्या साक्षीवर विसंबण्यात अर्थ नाही.

माझं माहेर कराडकडचं, सासर मालवणकडचं आणि संसार डोंबिवलीत. सासरी आमची देवी म्हणजे तळहाताएवढा चांदीचा टाक. झिजून झिजून तिचं नाक गेलंय, डोळे मात्र असे की समोर बसून खोटं बोलवत नाही. ती एक वर्ष आमच्याकडे असते आणि एक वर्ष वसईला माईंकडे. माई म्हणजे सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाई. चैत्री पौर्णिमेला देवीने घर बदलायचं, आणि त्या प्रवासाचे नियम आमच्या घरात कायद्याच्या पुस्तकासारखे पाठ आहेत. जिच्या मांडीवर देवी निघाली तिने पोहोचेपर्यंत तिला खाली टेकवायचं नाही, मांडी बदलायची नाही, आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. आणि जिच्या घरी देवी यायची, त्या घरच्या थोरल्या बाईने देवी उंबरठ्याच्या आत येईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही.

आमच्याकडून मांडी सासूबाईंची. एरवी या बाई झोपेतही बोलतात. त्यामुळे वर्षाआड येणारं हे मौन घरातल्या बाकीच्यांना दिवाळीपेक्षा प्रिय आहे, असं माझा नवरा म्हणतो. मी तसं काही म्हणत नाही. मी फक्त हसते.

पण त्या वर्षी मला हसू येत नव्हतं. त्याच्या दोन वर्षं आधी आम्ही देवी घेऊन निघालो ते कोंडीत असे अडकलो की वसईला पोहोचायला दुपारचे चार वाजले. माई तोवर देव्हाऱ्यासमोर आडव्या झाल्या होत्या. सलाईन लागलं, दोन दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, आजी, पुन्हा हे करू नका. माईंनीही हात जोडले आणि ‘बरं’ म्हटलं. या ‘बरं’चा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आता त्या त्र्याऐंशीच्या झाल्या होत्या, आणि त्यांच्या सूनबाईंनी, सुलभाने, आठवडाभर आधीच मला फोन करून सांगितलं होतं, “वहिनी, माई ऐकत नाहीयेत. यंदा बारा वाजायच्या आत या. नाहीतर मी काय करू मला सांगा.”

खरं सांगते, मला देवीचा राग आला होता. रोज सकाळी तिला फूल वाहताना मी मनात विचारत असे, कशाला गं हा हट्ट? म्हातारीच्या घशाला कोरड पाडून तुला काय मिळतं? ती त्या झिजलेल्या चेहऱ्याने नुसती बघायची. मग मी ठरवलं, ती काही करणार नाही, आपणच करायचं. आणि करायचं म्हणजे काय, तर वेळापत्रक. गेली बावीस वर्षं मी शाळेचं वेळापत्रक लावते. एका वेळी सहा शिक्षक रजेवर गेले तरी एकही वर्ग रिकामा न ठेवणारी बाई आहे मी. ठाणे जिल्ह्याची वाहतूक म्हणजे तरी काय, थोडा मोठा सातवी ‘क’!

महिनाभर मी दोनशे पानी वही घेऊन बसत होते. भाईंदरहून वसईला रो-रो बोट जाते, गाडीसकट. पाव तासाची खाडी. ती गाठली की पुढचा हायवेचा सगळा ताप टळतो. पण त्या धक्क्यापर्यंत जाणारा रस्ता अरुंद, आणि सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्यांची शेपटी लागते. म्हणून दोन रंगांत दोन योजना. हिरवी योजना: डोंबिवली पश्चिमेहून खाडीपूल ओलांडून माणकोली, काल्हेर-कशेळीवरून बाळकुम, आतल्या रस्त्याने कोलशेत, आणि घोडबंदरला थेट मधेच घुसायचं. लाल योजना: हायवेने माजिवडा, आणि राम म्हणायचं. कुठे अवजड ट्रक कधी सोडतात, कुठे खोदलंय, कुठला सिग्नल रुसलेला असतो, सगळं टिपलं. बाळकुमला आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या बाई चौदाव्या मजल्यावर राहतात. त्यांना सकाळी बाल्कनीत उभं राहून रस्त्याचा अहवाल द्यायचं काम दिलं. साडेसहाला निघायचं, नऊला धक्का, साडेनवाची बोट, दहाला माईंच्या हातात पाण्याचा पेला. वहीच्या पानावर देवीसाठी रकाना नव्हता. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

पौर्णिमेची सकाळ उजाडली. सासूबाई हिरव्या लुगड्यात मागच्या सीटवर बसल्या, खणात गुंडाळलेली देवी त्यांच्या मांडीवर ठेवली, आणि त्यांचं मौन सुरू झालं. आता उरलं गाऱ्हाणं. मालवणी माणूस देवाला सांगितल्याशिवाय कोपऱ्यावर कोथिंबीर आणायलाही जात नाही. एकाने देवापुढे मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा. हे काम कायम सासूबाईंचं. पण त्या यंदा आधीच मांडी घालून मौनात गेल्या, नवऱ्याचा घसा बसलेला, तेव्हा गाऱ्हाणं घालायची माळ माझ्या गळ्यात पडली. तीस वर्षं ऐकतेय, त्यात काय एवढं! बोनेटवर नारळ ठेवला, हात जोडले आणि माझ्या कराडी मालवणीत सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा, गे माये, आज ही तुझी लेकरां तुका घेवन डोंबिवलीसून वसयेक निघाली आसत...”

“व्हय म्हाराजा!” नवरा, वॉचमन आणि दूध घ्यायला खाली आलेले तळमजल्यावरचे काका.

“वाटेत जां काय आडवांतिडवां येत, तां दूर कर म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!”

“थंय माई उपाशी रवली हा. बाराच्या आत तिच्या तोंडात पाणी पडांदे. आणि त्याच्यासाठी आमका येळेर धक्को गावांदे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मला अगदी भरून आलं. मागे वळून पाहिलं तर सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला होता. मला वाटलं, डास.

आणि मग सुरू झाल्या त्या खुणा. सासूबाई एक हात देवीवर ठेवून दुसऱ्या हाताचा तळवा पुढे ढकलायच्या, पुन्हा मागे घ्यायच्या, पुन्हा ढकलायच्या. डोळे वटारून. गाडी मी चालवत होते. खाडीपुलावर आरशात दिसलं तेव्हा मी शेजारी बसलेल्या नवऱ्याला म्हटलं, “आई म्हणतायत, पुढे चल, थांबू नको.” काल्हेरला ट्रकच्या मागे अडकलो तेव्हा पुन्हा तेच. “ओव्हरटेक कर म्हणतात,” नवरा म्हणाला. मी ओव्हरटेक केलं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले आणि खूण आणखी जोरात केली. “काच वर कर म्हणत असतील.” काच वर केली. “एसी मागे येत नाहीये वाटतं.” एसी वाढवला. हा एसी वाढवल्याचा प्रसंग कृपया लक्षात ठेवावा.

सव्वासातला बाळकुमच्या बाईंचा अहवाल आला. “अगं, रस्ता असा मोकळा आहे की रांगोळी काढावी!” आम्ही आनंदाने आत घुसलो आणि तिथेच रुतलो. पाऊण तासानंतर उलगडा झाला की बाई दुर्बीण लावून ठाण्याकडे येणाऱ्या बाजूचा रस्ता बघत होत्या. जाणारी बाजू त्यांच्या बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीआड होती. तिथून गायमुखचा चढ. तिथे तर आमची गाडी अशी चालली होती की बाजूने चाललेला एक भाजीवाला दोनदा आमच्या पुढे गेला, दोनदा मागे राहिला, आणि तिसऱ्यांदा भेटला तेव्हा ओळखीचं हसला. नवऱ्याने हिरवी योजना वाचली, लाल योजना वाचली, मग वही मिटून डॅशबोर्डवर ठेवली आणि म्हणाला, “बाई, आज शाळेला सुट्टी द्या.”

भाईंदरच्या धक्क्याकडच्या रस्त्याला लागलो तेव्हा दहा वाजून गेले होते. साडेनवाची बोट केव्हाच गेली होती. आता अकराची, आणि तिच्यानंतरची एकदम दुपारी. समोर गाड्यांची रांग वळणापलीकडे गेलेली, आणि तिच्या उजव्या अंगाला शहाण्या लोकांनी दुसरी रांग लावलेली. ईस्टर दुसऱ्या दिवशी, त्यात शनिवार, त्यामुळे माहेरी-सासरी जाणाऱ्यांची आणि समुद्र बघायला निघालेल्यांची एकच गर्दी. एक पोलीस मधे उभा राहून शिट्टी वाजवत होता, तीही आता रांगेतच उभी असल्यासारखी अडखळत वाजत होती. मी खाली उतरून पुढच्या गाड्या मोजत गेले आणि अर्ध्यातून परत आले. गणित स्पष्ट होतं. अकराच्या फेरीत आमचा नंबर लागणं शक्यच नव्हतं. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, त्यांना या उन्हात चालत न्यायची सोय नाही. मांडी बदलायची नाही. रिक्षा यायला सुईएवढी फट नाही.

तेवढ्यात सुलभाचा फोन आला. आवाज रडवेला. माईंचे ओठ सुकले होते, जीभ जड झाली होती. पाणी पुढे केलं की तोंड फिरवत होत्या. मी म्हटलं, फोन त्यांच्या कानाला लाव. आणि मी, जिने शाळेत भल्याभल्यांना गप्प केलंय, मी फोनवर गयावया करू लागले. “माई, पाणी घ्या हो. देवीला मी सांगते. तिचा राग माझ्यावर घेते.”

पलीकडून बारीक आवाज आला. “राग कसलो गो? ती काय रागावता? उन्हातानातसून लेक माहेराक येताहा. ती वाटेवर तानेली, आणि मी हंय सावलीत बसान पाणी पियूं? आवशीच्या घशातसून उतारतला तां?”

तीस वर्षं मला वाटत होतं की देवी म्हातारीला उपाशी ठेवते. आणि इथे ही म्हातारी देवीची आई होऊन दाराशी बसली होती. हट्ट देवीचा नव्हताच. तो हट्टही नव्हता. माझी आई, कराडला, मी एसटीने यायचे तेव्हा दोन-दोन वाजेपर्यंत जेवायची थांबायची, आणि मी तिच्यावर ओरडायचे. ते सगळं त्या गरम गाडीत एकदम आठवलं. मी महिनाभर रस्त्यांच्या रेघा मारल्या, पण कुणाकडून कुणाकडे चाललोय हे एकदाही वहीत लिहिलं नव्हतं. मी मागे हात नेऊन खणावर ठेवला आणि मनात म्हटलं, माझं झालं गं. माझ्याकडे आता तिसरा रंग नाही. तू बघ.

आणि अगदी त्याच क्षणी, एखाद्या नाटकात पडदा पडावा तसा, एसीचा पंखा बंद पडला.

पेट्रोल वाचवायचं म्हणून मी इंजिन बंद ठेवलं होतं. पंखा, गाणी, फोनचं चार्जिंग मात्र सगळं चालू. बॅटरी बसली. किल्ली फिरवली तर नुसतं टिक्. गाडी ऑटोमॅटिक, ढकलून चालू होणारीही नाही. पुढची रांग नेमकी तेव्हाच दहा हात सरकली आणि मागच्या सगळ्या गाड्यांनी एकसाथ भोंगे वाजवले. हाच का गं तुझा बघण्याचा प्रकार, असं मी देवीला म्हणणार होते. आरशात पाहिलं. सासूबाई तळवा पुढे-मागे, पुढे-मागे, आता दोन्ही भुवया वर करून. मला रडू आलं. “आई, कुठे जाऊ पुढे? गाडी मेलीय!”

काचेवर टकटक झाली. बाहेर साठीचा, रुंद खांद्यांचा गृहस्थ. अर्धी चड्डी, बनियनवर उघडा शर्ट, गळ्यात सोन्याचा क्रूस. मागे आमच्यापासून चार गाड्या सोडून त्याचा केळीच्या घडांनी भरलेला टेम्पो उभा होता.

“काय झाला गो बाय? गारी बंद परली?”

मी सगळं सांगितलं. म्हणजे बॅटरीचं सांगायला गेले आणि माईंपर्यंत जाऊन पोहोचले. तो ऐकत असताना त्याची नजर मागच्या सीटवर, सासूबाईंच्या मांडीवरच्या हिरव्या खणावर गेली. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

“देवी हाय?”

“हो.”

“आनि म्हातारी तिकरं पान्याबिगर बसलीय?” त्याने टोपी पुन्हा घातली. “आमचा पन उपास चाललाय गो. उद्या सन. माजी आये पन अशीच होती, कोनाचा ऐकायची नाय. सोर हँडब्रेक. पार बोटीपर्यंत धक्का मारतो.”

धक्का मारतो! मी मान वळवून सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी एक बोट माझ्याकडे केलं, मग आभाळाकडे, मग तळवा पुढे ढकलला. पुढे. मागे. पुढे. आणि भूगोलाच्या बाईंच्या डोक्यात डोंबिवलीपासून साठून राहिलेला प्रकाश एकदम पडला. ‘धक्क्यार पावांदे’ म्हणायचं होतं. धक्क्यावर पोहोचू दे. मी म्हटलं होतं, ‘धक्को गावांदे’. धक्का मिळू दे! देवीला कळवलं होतं, तीन माणसांनी दुजोरा दिला होता, नारळ फोडला होता. बिचाऱ्या सासूबाई साडेसहापासून सांगायचा जीव तोडून प्रयत्न करत होत्या की बये, तू धक्का मागितलास, आता तो मिळणार!

तो गृहस्थ वळून ओरडला, “ये, या रं दोगं-तिगं! गारीत देवी हाय!” दोन मोटरसायकलवाले उतरले. एक सूटबूट घातलेले गृहस्थ, कुठल्याशा साखरपुड्याला निघालेले, कोट काढून आले. माझा नवरा बसक्या घशाने मधे उभा. पहिला जोर लावला तर गाडी हलली आणि थांबली. “एका दमात पायजे,” टेम्पोवाला म्हणाला. “कायतरी बोला, म्हंजे समदे एका टायमाला लावतील.” आता माझ्या नवऱ्याला जन्मात एकच गोष्ट तालावर म्हणता येते.

“बा देवा म्हाराजा!” तो ओरडला. “ह्याच्यावर सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं आणि ढकलायचं!”

“व्हय म्हाराजा!” आणि गाडी सुटली.

पुढे जे झालं ते मी गेले कित्येक महिने भेटेल त्याला सांगते आहे, आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. रांगेत उभी असलेली चालू गाडी कुणाला दिसत नाही. पण ढकलत आणलेली गाडी, पुढे बसून स्टिअरिंगशी झगडणारी पन्नाशीची बाई, मागे हिरव्या लुगड्यातली म्हातारी, आणि भोवती ‘व्हय म्हाराजा’चा गजर, हे दृश्य सगळ्यांनी पाहिलं. उजव्या रांगेतल्या शहाण्यांनी गाड्या तिरप्या करून आत घातल्या. कुणी आरसे मिटले. “देवी हाय, वाट द्या रं!” हा निरोप आमच्या पुढे पुढे धावत होता. एक माणूस म्हणालाही, “आमच्या घरी पण म्हाताऱ्या आहेत!” त्यावर टेम्पोवाल्याने घामाघूम तोंडाने उत्तर दिलं, “मंग त्यांच्या नावानं एक हात लाव!” आणि तो खरंच आला. लावला हात. पोलिसाने शिट्टी तोंडातून काढली, क्षणभर विचार केला, आणि ‘व्हय म्हाराजा’ला बरोबर समेवर शिट्टी दिली. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं होतं, माझे दंड भरून आले होते, आणि मी मोठमोठ्याने हसत आणि रडत होते. आरशात सासूबाई. देवी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, ओठ घट्ट मिटलेले, आणि खांदे हसण्याने गदागदा हलतायत.

बोटीवर एकाच गाडीची जागा उरली होती. जिचा नंबर होता त्या गाडीतल्या बाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि हातानेच खूण केली, जा. आम्हाला ढकलत बोटीवर चढवलं. मी उडी मारून खाली उतरले, टेम्पोवाल्यापाशी गेले, आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं की त्याचा टेम्पो तिकडे, रांगेत, होता तिथेच राहिलाय. अकराची बोट त्याचीही होती. वसईला बहिणीकडे सणाची केळी घेऊन निघालेला माणूस आता दुपारपर्यंत उन्हात थांबणार होता.

“तुमची बोट गेली हो, काका!”

“जाऊंदे. मी मागनं येन.” त्याने शर्टाने तोंड पुसलं. “उपास हायच, जरा लांबला.”

मी नाव विचारलं. त्याने धक्क्यावर उतरता उतरता सांगितलं. पण नेमका त्याच क्षणी बोटीचा भोंगा वाजला, मधली लोखंडी फळी वर उचलली गेली, आणि मला फक्त त्याचे ओठ हललेले दिसले. तो धक्क्यावर उभा राहून हात हलवत होता. खाडीचं पाणी मधे वाढत गेलं. आजवर मी वसईला जाताना दर वेळी केळीचा टेम्पो दिसला की आत डोकावून पाहते. अजून भेटलेला नाही.

बोटीत एका गाडीवाल्याकडे बॅटरी उठवायच्या वायरी निघाल्या. तो रांगेत आमच्या कितीतरी पुढे होता; रस्त्यातच भेटला असता तर गाडी चालू झाली असती, आणि चालू गाडीत आम्ही मुकाट रांगेत बसून दुपारची वाट पाहिली असती. चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. बॅटरी माझ्या चुकीने बसली, धक्का माणसांनी मारला, वाट माणसांनी दिली. पण मी जिथे हात टेकले नेमकी तिथूनच गाडी पुढे गेली, एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि महिनाभर मी जे टाळण्यासाठी रेघा मारत होते, म्हणजे वाटेत बंद पडणं, त्यातूनच तिने आम्हाला नेलं. वही मी अजूनही करते, तो माझा स्वभाव आहे, तो काही देवी बदलायला बसलेली नाही. पण आता पानाच्या तळाशी दोन ओळी कोऱ्या सोडते. त्या माझ्या अखत्यारीतल्या नाहीत.

पावणेबाराला माईंच्या दाराशी गाडी थांबली. सुलभाने तुकडा ओवाळून टाकला. सासूबाई उतरल्या, गुडघे सांभाळत चार पायऱ्या चढल्या आणि उंबरठा ओलांडला. माई भिंतीला धरून उभ्या राहिल्या, पदर पसरला, आणि देवी एका मांडीवरून दुसऱ्या पदरात गेली. माईंनी आधी तिच्या ओठांना पन्ह्याचं बोट लावलं. मग पेला स्वतःच्या तोंडाला लावला आणि डोळे मिटून, थांबत थांबत, सगळा संपवला. त्यांच्या घशातून उतरणारा एकेक घोट आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. माझ्या नवऱ्याने चष्मा काढून पुसायला घेतला. मी देवीपुढे डोकं टेकलं आणि दोन वर्षांच्या रागाबद्दल तिची क्षमा मागितली. मराठीत. साध्या, सोप्या, कराडच्या मराठीत.

मग सगळ्यांच्या नजरा सासूबाईंकडे वळल्या. मौन सुटायची वेळ झाली होती. मौनानंतरचा पहिला शब्द देवीला अर्पण करायचा असतो, म्हणून घरातली सगळी माणसं हात जोडून उभी राहिली. सासूबाईंनी पदर सावरला, देवीकडे पाहिलं, डोळे पाण्याने भरले, आणि सकाळी साडेसहापासून दाबून धरलेला श्वास सोडत त्या ओरडल्या,

“एवढां सगळां केलंस गे माये, पण हिची मालवणी सुधारूक काय तुका पण जमूक नाय!”